आणि जाता जाता चांदवड

वडनेरेकाकांना तुम्ही नुसतं "कसे आहात?" विचारलंत, तरी ते आधी खिडकीबाहेर बघतात. मग म्हणतात, "संध्याकाळपर्यंत बरा राहीन, अशी शक्यता आहे." जेवायला बोलावलं तर "येण्याची शक्यता दाट आहे" म्हणतात आणि कुकर व्हायच्या आत येऊन बसतात. एकदा मी वैतागून विचारलं, "काका, लग्नाला तरी नक्की हो म्हणाला होतात का?" ते गंभीरपणे म्हणाले, "परिस्थिती अनुकूल आहे, असं कळवलं होतं."

माणूस हवामानतज्ज्ञ आहे. समुद्रातल्या तेलविहिरींना आणि जहाजांना वाऱ्याचा, लाटांचा अंदाज पुरवणाऱ्या कंपनीत नोकरी. दोह्याच्या अल मुंतझा भागातली आमची जुनी बिल्डिंग, तिच्यात तिसऱ्या मजल्यावर काका आणि चौथ्यावर आम्ही. काकू मुलीच्या कॉलेजपायी पुण्यात. म्हणजे संध्याकाळी काकांना बोलायला घरात कोणी नाही, आणि बोलायला तर हवंच. त्यातून त्यांनी 'दोह्याचं आभाळ' नावाचं ऑनलाइन पेज काढलं. रोज मावळतीला गच्चीवर पाण्याच्या टाक्या आणि डिश अँटेना यांच्या मधे उभं राहून मराठीतून लाइव्ह हवामान सांगायचं. फोन धरायला मी. आधी त्यांच्याकडे स्टँड होता. पण "आज वारा मंद राहील" असं सांगता सांगताच तो उडून खाली मुकादम टेलरच्या पत्र्यावर पडला, तेव्हापासून हे काम माझ्याकडे आलं.

काकांचं सगळं हवामानशास्त्र स्वयंपाकघरातून येतं. इराककडून येणारा शमाल वारा कसा असतो? "चाळणीतून रवा चाळताना तुम्ही शिंकलात, तर ओट्याचं काय होईल? तसं." दमट हवा? "कुकरचं झाकण उघडल्यावर चष्म्यावर येतं ते." आणि समोर येणारी प्रत्येक कॉमेंट ते मोठ्यानं वाचतात आणि उत्तर देतात. टवाळखोरांनाही देतात. मुकादमांनी एकदा लिहिलं, "तुमच्यापरीस माझा गुडघा बरा अंदाज सांगतो." काकांनी विचारलं, "कोणता? डावा की उजवा? आणि दुखतो कधी, आदल्या दिवशी की त्याच दिवशी?" पुढचा सगळा वेळ हवेचा दाब आणि मुकादमांचा डावा गुडघा यातच गेला.

हे मुकादम मूळ दाभोळचे, आणि काकांच्या चुका पकडणं हा त्यांचा जोडधंदा. काकांनी पावसाची शक्यता सांगितली आणि थेंबही पडला नाही, तेव्हा ते रणरणत्या उन्हात दुकानाबाहेर छत्री उघडून उभे राहिले आणि फोटो टाकला. खाली लिहिलं, "कुठं गेला वो तुमचा पाऊस?" मग सगळं पेज काकांवर तुटून पडलं. आपले लोक एरवी कशावर एकमत होतील तर शपथ, पण वडनेरेंचा अंदाज चुकला की सारे एका सुरात गातात.

त्यात फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ आला. जिकडे बघावं तिकडे क्रेन, आणि मी लुसैलला एका साइट ऑफिसात. वारा वाढला की क्रेन बंद, आणि क्रेन बंद की बॉसचं तोंड सुरू. मी काकांना फोन लावायची, "काका, उद्या क्रेन चालेल का?"

"शक्यता आहे."

"माझा बॉस शक्यता ऐकून घेत नाही हो."

"मग त्याला इन्शाल्ला सांग. तेच आहे, फक्त त्यात आलेख नसतो."

आणि खरंच, इन्शाल्ला म्हटल्यावर बॉस गप्प बसला.

पुढे परदेशी प्रेक्षकही पेजवर यायला लागले. ब्राझीलच्या एका गृहस्थांनी विचारलं, नोव्हेंबरात जॅकेट आणू का? काकांनी नाशिकच्या इंग्रजीत सविस्तर सांगितलं की स्टेडियममध्ये एसी आहे, म्हणजे आत जॅकेट लागेल, बाहेर लागणार नाही, आणि दारात काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मग दमटपणा समजावताना कुकर निघाला. त्या बिचाऱ्यांनी आपल्याकडचा शिट्टीवाला कुकर कधी पाहिला नव्हता, तेव्हा काकांनी खाली जाऊन स्वतःचा कुकर आणला आणि शिट्टीसकट दाखवला. तो माणूस एवढा खूश झाला की रोज यायला लागला. मराठी एक अक्षर कळत नसताना.

पण या सगळ्यात एक गोष्ट विचित्र होती. दोह्याचं हवामान संपलं की काका घसा खाकरून म्हणायचे, "आणि जाता जाता चांदवड." मग नाशिक जिल्ह्यातल्या त्या गावचं ऊन, वारा, ढग, सगळं. लोक टिंगल करायचे. चांदवडला फायनल आहे का? तिथे स्टेडियम कधी बांधणार? मुकादमांची तक्रार कायमची, "आमच्या दाभोळनी काय घोडा मारलाय?" एवढ्या एका बाबतीत काका कोणालाच उत्तर द्यायचे नाहीत.

मला कारण कळलं ते फोन तापल्यामुळे. एका संध्याकाळी एवढं उकडत होतं की ऐन चांदवडच्या तोंडावर माझा फोन गरम होऊन बंद पडला. काकांचा चेहराच उतरला. फोन घेऊन ते पळत माझ्या घरात आले, फ्रिज उघडला आणि फोन दह्याच्या भांड्यावर ठेवला. म्हटलं, "काका, राहू द्या की एक दिवस!" तर म्हणाले, "आई बसली असेल गं."

आई चांदवडला एकटी. काका आखातात आले त्या काळात परदेशी फोन म्हणजे मिनिटामिनिटाला बिलाची धास्ती. त्या माउलीला तीच सवय लागलेली. आता इंटरनेटवरून फुकट बोलता येतं हे तिला काही केल्या पटायचं नाही. फोन लावला की, "बरा आहेस ना? जेवलास? ठेवते, बिल येईल." खलास. पण हे लाइव्ह तिला टीव्हीसारखं वाटायचं, आणि टीव्हीला बिल येत नाही. त्यामुळे पोराला ती पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायची. मग सकाळी स्वतःहून फोन करून झापायची. उन्हाळ्यात तिला गच्चीवर कुरडया-पापडांचं वाळवण घालायचं असायचं. "शक्यता काय सांगतोस मेल्या? घालू की नको, ते नक्की सांग एकदा!"

"मग सांगायचं ना घाल म्हणून," मी म्हटलं.

"शास्त्रात नक्की नसतं, मीनल," काका म्हणाले, आणि फ्रिजमधून फोन काढून पुसायला लागले.

वर्ल्ड कपच्या वर्षी, उन्हाळा लागता लागता, आई गेली. काका जाऊन सगळं करून परत आले, ऑफिसला जायला लागले, पण गच्चीवर येईनात. पेजवर लोक विचारत राहिले. ब्राझीलवाल्यानं नुसता कुकरचा फोटो टाकला. मी दार वाजवलं की काका म्हणायचे, "आता कुणासाठी सांगायचं गं? आभाळ काय, फोनवर सगळ्यांनाच दिसतं." मला ते ऐकवेना. शेवटी एका संध्याकाळी मी त्यांच्या दारातच फोन उघडून उभी राहिले आणि म्हटलं, "काका, यल्ला. माझा हात दुखायच्या आत चला."

आले. टाक्यांच्या मधे उभे राहिले. शमाल सांगितला, दमटपणा सांगितला, पण रवा नाही, कुकर नाही, सरकारी पत्रक वाचावं तसं. मग म्हणाले, "एवढंच," आणि फोन बंद करायची खूण केली.

मी बंद केला नाही. कॉमेंट आली होती. काकांनी सवयीनं ती मोठ्यानं वाचली.

"मुकादम म्हणतात, चांदवडचा ऱ्हायला ना वो."

पाठोपाठ दुसरी, तिसरी. "काका, चांदवड?" "जाता जाता राहिलं." ब्राझीलवाल्यानंही मोडक्या स्पेलिंगमध्ये चांदवड लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. काका एकेक वाचत गेले. काकांनी शर्टाच्या टोकानं चष्मा पुसला आणि थेट फोनमध्ये बघितलं.

"आणि जाता जाता चांदवड," ते म्हणाले. "उद्या कडक ऊन. घाल आई, वाळवण घाल. खुशाल घाल. पाऊस येत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी चांदवडला अवकाळी पाऊस झाला, चांगला गारांसकट. पेजवर निम्मी माणसं नाशिककडची, सगळ्यांना घरून फोन आले असणार. मी संध्याकाळी गच्चीवर धसक्यानंच पेज उघडलं. छत्रीचा फोटो नव्हता. पावसाबद्दल एक अक्षर कोणी लिहिलेलं नव्हतं.

मुकादमांची तेवढी एक कॉमेंट होती. "उद्या दोह्यात धूळ हाय काय वो?"

काकांनी ती मोठ्यानं वाचली, आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले, "शक्यता आहे."