आंब्यांचा बारावा नंबर

आमच्या समोरच्या रंगनाथतात्यांना लग्नाचं बोलावणं आलं, की ते आधी चौकातल्या मेडिकलमध्ये जाऊन वजनकाट्यावर उभे राहतात. मग लग्नाला जातात, जेवतात, आणि येताना परत त्याच काट्यावर. चपला त्याच, टोपी तीच, खिशातला रुमालसुद्धा तोच. भरलेले तात्या वजा रिकामे तात्या. "निव्वळ किलोभर," असं मेडिकलवाल्याला सांगून ते घरी येतात आणि संध्याकाळपर्यंत गावात त्या लग्नाचा निकाल लागतो. एकदा एका बड्या घरच्या लग्नात निव्वळ चारशे ग्रॅम भरलं. तात्या अजून त्या माणसाला रामराम घालत नाहीत.

मी नसरीन. देवळाली प्रवरात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म, सगळं. दुकानासमोर तात्यांचा ओटा, त्यामुळे तात्यांचं जे काही चालतं ते माझ्या डोळ्यांदेखत चालतं. मला विचारलं असतं तर मी दुसरीकडे दुकान काढलं असतं, पण मला कोण विचारतंय?

तात्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बत्तीस वर्षं होते. उसाची गाडी भरून आली की एक वजन, रिकामी होऊन परत निघाली की दुसरं, मधला फरक तो ऊस. त्यातून पाल्यापाचोळ्याचं, म्हणजे पाचटाचं, वजन वजा. काट्यावर कुणी चुकून पाय ठेवला तरी तात्या खिडकीतून ओरडायचे, "पाय काढ!" सख्ख्या मेव्हण्याच्या ट्रॉलीवर एकदा मांजर बसून आलं. तात्यांनी काटा थांबवला. मेव्हणा म्हणाला, "दाजी, मांजर जाताना बी माझ्याच बरुबर हाय. फरक तेवढाच येतोय की!" तात्या म्हणाले, "मांजराचा भरवसा न्हाई." ते उतरेपर्यंत मागे ट्रॅक्टरांची रांग पार रस्त्यावर गेली. मेव्हणा दोन दिवाळ्या घरी आला नाही.

आता असा माणूस रिटायर झाल्यावर काय वजन करणार? तर बास्केटबॉल.

हसू नका. त्यांचा मुलगा महेश बंगलोरला कंप्युटरच्या कंपनीत आहे. तो आणि त्याचे मित्र मिळून एक लीग चालवतात. बारा मालक, बारा संघ. खेळाडू मात्र सगळे खोटे. कंप्युटरनंच जन्माला घातलेले, त्यांची नावं, उंची, गुडघेदुखी सगळं कंप्युटरचं. मॅचही कंप्युटरच खेळतो. मालकांनी फक्त कुणाला उतरवायचं आणि कुणाची अदलाबदल करायची ते ठरवायचं. तर दोन वर्षांपूर्वी त्यांच्यातल्या एकाचं लग्न झालं आणि तो लीग सोडून गेला. बारावा मालक मिळेना. महेशनं वडिलांचं नाव घातलं. "बाबा, तुम्हाला काही करायचं नाही. नुसतं नाव."

नुसतं नाव! बत्तीस वर्षं काट्यावर बसलेल्या माणसाला!

दुसऱ्या दिवशी तात्या शाळेच्या मैदानावर गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा बास्केटबॉलची जाळी बघून आले. येऊन माझ्या दुकानात बसले. तोंड पडलेलं.

"नसरीन, त्या टोपलीला बूड न्हाई."

"नसतंच तात्या. चेंडू खाली पडायला नको का?"

"माल ऱ्हात न्हाई, आन् खेळ कसला?"

पण खेळ लागला. संघाचं नाव ठेवलं 'देवळाली दणका'. एका महिन्यात तात्यांना सगळ्या संघांचे सगळे खेळाडू पाठ. वर्णनं मात्र उसाची. टनामागं किती साखर निघते त्याला कारखान्यात उतारा म्हणतात. तर बोरिस नावाचा कुणी एक सात फुटी धिप्पाड खेळाडू, सगळे मालक त्याच्यासाठी भांडत होते, आणि तात्या म्हणाले, "वजन हाय. उतारा न्हाई." बोरिस पुढं सहा मॅचमध्ये काही म्हणता काही करू शकला नाही. तेव्हापासून बंगलोरची पोरं ग्रुपवर अदबीनं विचारायला लागली, "सर, माझ्या नव्या खेळाडूचा उतारा किती?" त्यातल्या निम्म्यांना मराठीचा गंध नाही. म्हातारा झालेला खेळाडू म्हणजे खोडवा, तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून परत फुटलेला. "खोडवा हाय, पन अजून एक हंगाम दील," असं तात्यांनी म्हटलं की त्या खेळाडूला लगेच मागणी.

दर शनिवारी तात्या ताकदीचा तक्ता काढायचे. जिंकलेल्या मॅच मोजणं त्यांना मान्य नाही. "एका गुणानं जिंकला काय आन् पन्नासनं काय, दोगं सारकेच? मग काटा कशाला?" त्यांची रीत अशी : संघानं केलेले गुण म्हणजे भरलेली गाडी, समोरच्यानं त्याच्यावर केलेले गुण म्हणजे रिकामी गाडी. फरक ती ताकद. शिवाय कमजोर संघाला बदडून मिळवलेल्या फरकातला निम्मा पाचट म्हणून वजा. हे सगळं ते वहीत करायचे, नंबर लावलेली चिठ्ठी मला आणून द्यायचे, मी टाइप करून ग्रुपवर पाठवायची. सोबत दर वेळी ताकीद. "माज्या हातनं आकडा हालत न्हाई, तुज्या बी हातनं हालाय नको."

"तात्या, माझ्याकडे गिऱ्हाइकं थांबलीत."

"थांबू दे. वजनाला टाइम लागतो."

आता महेशचा संघ. त्याचं नाव 'मँगो मॉन्स्टर्स'. तात्या नुसतं 'आंबे' म्हणायचे. आणि हे आंबे, सुरुवातीचे काही महिने सोडले तर, तात्यांच्या तक्त्यात कायम बारावे. बारापैकी बारावे! मग रविवारी सकाळी अकराच्या ठोक्याला महेशचा फोन. तात्या ओट्यावर, फोनचा आवाज फुल, माझ्या दुकानातल्या रांगेला कान द्यायचीसुद्धा गरज नाही.

"बाबा, मी अकरापैकी आठ मॅच जिंकलोय!"

"पाचट."

"पाचट काय पाचट? बोरिसच्या टीमला बत्तीसनं हरवलं!"

"बोरिसला काय, आमचं मांजर बी हारवंल."

पाऊण पाऊण तास चालायचं हे. महेश तावातावानं आकडे सांगायचा, तात्या शांतपणे सगळे पाचटात घालायचे. रांगेतली माणसं स्वतःचा नंबर सोडून ऐकत बसायची. मला वाटायचं, काय हा बाप! पोराला एकदा अकरावा नंबर दिला तर काय बिघडतंय? मी बोलूनही दाखवलं. तात्या म्हणाले, "काट्यावर नातं चालत न्हाई." मेव्हण्याचं मांजर मला माहीत होतं, मी परत टायपिंगला लागले.

मग यंदा तात्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मोतीबिंदू. महेश येतो म्हणत होता, तात्यांनीच नको म्हटलं. शनिवारी नगरला जायचं अचानक ठरलं, चिठ्ठी करायला वेळ मिळाला नाही. काकू, म्हणजे तात्यांची बायको, वहीच घेऊन आल्या. "नसरीन, हे म्हणत्यात, वजाबाकी करून तूच पाठव. लई जीव लावून बसलेत, चुकू नको गं."

मी बसले. अकरा संघ भराभर झाले. बारावा आंब्यांचा घेतला. भरलं वजा रिकामं, निम्मं पाचट वजा. आणि आंबे पहिले आले.

मी परत केलं. पहिले. मोबाइलवर केलं. पहिले. मग वहीची मागची पानं उलटली. बाकी सगळ्या संघांचं पाचट निम्मं, बरोबर नियमानं. आंब्यांच्या पुढं मात्र दर शनिवारी फरकापेक्षाही जास्त पाचट वजा केलेलं. मला वाटलं, डोळा! मोतीबिंदूनं बिचाऱ्यांना दिसत नव्हतं, त्यात पोरावर अन्याय झाला. मी मोठ्या अभिमानानं आंबे पहिल्या नंबरला टाकले, दुरुस्ती केली म्हणून स्वतःची पाठ थोपटली आणि तक्ता पाठवून दिला.

रविवारी तात्या घरी आले होते. काळा चष्मा लावून सव्वादहालाच ओट्यावर बसले. अकराला फोन वाजला.

"बाबा, डोळा बरा आहे ना?"

"बरा हाय."

"औषध वेळेवर घाला. आणि थँक्यू हां, पहिला नंबर! फायनली!" महेश हसला. "बरं, आईला द्या."

तात्यांनी फोन काकूंना दिला. मिनिटसुद्धा झालं नव्हतं. काकू बोलत बोलत आत गेल्या. तात्या तिथंच बसून राहिले, हात मांडीवर, फोन नसलेला. मी आपली शाबासकी घ्यायला रस्ता ओलांडून गेले.

"तात्या, तुमची चूक दुरुस्त केली मी. आंबे पहिले आहेत."

"मला म्हाईत हाय."

"म्हणजे?"

"दीड वर्ष पैलेच हायत." तात्या चष्म्यातून रस्त्याकडं बघत होते. "पोरगं लई हुशार हाय गं. संघ असा बांधलाय, एक गडी वाया न्हाई. पैल्या पैल्यांदा मी खरं वजन लिवायचो. मग रविवारी काय? बाबा बरे हाय का, बरा हाय, आईला द्या. कालिजात गेल्यापास्नं तेवढंच. मी बी काय बोलनार? मला काय येतं? मग एकदा आंबे खरंच बारावे आले. त्या दिवशी पोरगं माज्याशी चाळीस मिंटं भांडलं. आईला द्या म्हनायचंच इसरलं."

मी ओट्याच्या कडेला टेकले.

"बत्तीस वर्सं काट्यावर कुनाला पाय ठिवू दिला न्हाई," तात्या म्हणाले. "ह्यो येक मी ठिवला."

मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू. आणि रडूही आलं, पण रांगेत माणसं होती.

पुढच्या शनिवारी तात्या चिठ्ठी घेऊन आलेच नाहीत. फक्त वही पाठवली. मी वही उघडली, आंब्यांचं वजन केलं, परत पहिलेच आले. मी त्यांना बारावं टाकलं. शिवाय स्वतःच्या मनानं खाली एक ओळ लिहिली : 'गेल्या आठवड्याचा पहिला नंबर टाइप करणारीची चूक होती. आंब्यांचा उतारा घसरला असून संघात पाचट वाढले आहे.'

रविवारी अकरा वाजायची वाट कुणी बघितली नाही. नऊलाच फोन वाजला.

"बाबा! ही कोण टाइप करणारी? तिला बास्केटबॉलमधलं काय कळतं?"

"तिला लई कळतं," तात्या म्हणाले आणि ओट्यावर मांडी घालून ऐसपैस बसले.

पावणेदहा झाले. दहा झाले. माझी झेरॉक्सची कागदं मशीनमध्ये अडकली, मी अडकू दिली. सव्वादहाला महेशचा आवाज दमला आणि तो म्हणाला, "जाऊ दे बाबा, तुम्ही ऐकणार नाही. आईला द्या."

काकू पिठाचा हात पुसत तात्यांच्या पुढ्यातच उभ्या होत्या, फोनसाठी हात पुढे करून. तात्यांनी त्यांच्याकडं बघितलं, मग फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई देवळात गेलीय," ते म्हणाले. "तू बोल."