सुधारलेला ओढा

जमीन ही मुळातच चुकीची असते. आमच्या किगेझीत तर ती फारच चुकली आहे: एक टेकडी संपते न संपते तोच दुसरी सुरू, आणि मध्ये ओढे. परमेश्वराने हे काम घाईत उरकलेलं दिसतं. (त्याच्याकडे तेव्हा संगणक नव्हता.) म्हणून आमच्या रस्ते कचेरीत जमीन सुधारण्याची सोय केलेली आहे. ती पाहायला तुम्ही एवढ्या लांबून आलात, बरं केलंत. बसा.

पद्धत सोपी आहे. मोजणीदार ब्यारुहांगा शिवारात हिंडून ठिकठिकाणची उंची टिपतो. संगणक ते ठिपके त्रिकोणांनी जोडतो, आणि पडद्यावर जमीन तयार होते. कातुशाबेबाईंच्या घराच्या वरच्या अंगाला जो ओढा आहे, त्यात ब्यारुहांगा उतरला नाही. तिथे मधाच्या पेट्या टांगलेल्या आहेत, आणि मधमाश्या सरकारी ओळखपत्र पाहत नाहीत. त्याने एक ठिपका या काठावर घेतला, एक त्या काठावर. संगणकाने दोन्ही काठ जोडून टाकले. ओढा बुजला, आणि कुणाची हरकत आली नाही.

पुढचं श्रेय अभियंता ट्विनोमुजुनी साहेबांचं. त्यांनी वर आलेली टोकं छाटली, वेडेवाकडे त्रिकोण सरळ केले आणि जमिनीची गुणवत्ता एकसष्ट टक्क्यांवरून नव्व्याण्णव पूर्णांक सहावर नेली. (उरलेल्यात तीन दशांश चर्चचं आवार, तिथे आम्ही हात लावत नाही, आणि एक दशांश कातुशाबेबाईंचं छप्पर, ते काही केल्या त्रिकोणात बसेना.) ओढाच नाही म्हटल्यावर बाईंच्या घराच्या वरून जाणाऱ्या नव्या रस्त्याच्या भरावाखालची, पाणी जाण्यासाठीची मोरीही त्यांनी रद्द केली.

मग कातुशाबेबाई स्वतःच कचेरीत आल्या. साठीची विधवा बाई, बोलायला फटकळ.

"सेबो, मोरी घातली नाहीत तर मार्चचं पाणी माझ्या घरात शिरेल." (सेबो म्हणजे आमच्याकडे साहेब.)

"आजी, तिथे ओढा नाहीये," साहेब म्हणाले.

"नाहीये? मग गेल्या साली माझी शेळी कशात वाहून गेली? तुमच्या कागदात?"

साहेब शांत माणूस. त्यांनी पडद्यावर पाण्याचा एक थेंब सोडून दाखवला. तशी सोय असते. थेंब टेकडीवरून निघाला, भराव पाहून शिस्तीत डावीकडे वळला आणि बाजारच्या गटारात जाऊन पडला.

"गुणाचा आहे हो," बाई म्हणाल्या. "शाळेत गेलेला दिसतोय. आमचं पाणी अडाणी, सेबो. ते सरळ खाली येतं. एकदा येऊन बघा तरी. ज्वारीचा बुशेरा पाजते घरचा."

"तिथे येऊन काय दिसणार? इथे जास्त स्पष्ट दिसतं."

बाईंना लेखी अर्ज करायला सांगण्यात आलं.

मार्चात पाणी आलं. त्याने पडदा पाहिलेला नसल्यामुळे ते सरळच आलं, भरावाशी तुंबलं, भराव फोडून खाली उतरलं आणि बाईंचं घर घेऊन गेलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. रीतसर चौकशी झाली. आलेलं पाणी ही मोजणीतली चूक ठरली. छप्पर निघाल्यामुळे गुणवत्ता नव्व्याण्णव पूर्णांक सात झाली.

पाहा ना पडद्यावर, कशी तुळतुळीत दिसते. तुम्ही मघापासून माना डोलावताय, पण घर गेलं तेव्हा आत कोण होतं, हे काही तुम्ही विचारलं नाहीत. संकोचू नका, इथे कुणीच विचारत नाही. आत कुणी नव्हतं. बाई त्या दिवशी इथेच आल्या होत्या, अर्जाची पोच मागायला. पोच अजून मिळालेली नाही, म्हणून त्या दारातल्या बाकावरच असतात. मघाशी तुम्ही आत येताना ज्यांनी पाय आखडून घेऊन वाट दिली ना, त्या त्याच.