अक्षतांमधला माईक

ऋतिकाच्या तळहातावर बोटाच्या पेराएवढे दोन कॉलर माईक होते आणि त्यावरून घरात दोन पक्ष पडले होते. एक तिचा स्वतःचा. इतका गुणी, की शेजारच्या खोलीतली कुजबुजही टिपायचा. मात्र कुणी जोरात शिंकलं तरी रुसायचा. दुसरा तिच्या भावाचा, बंटीचा. तो गच्चीवरून टाकला तरी ठणठणीत असायचा, फक्त त्यातून बोलणारा माणूस हंड्यात बसून बोलल्यासारखा वाटायचा.

"हळदीच्या घरात तो नाजूक माईक? पागल आहेस का?" बंटी म्हणाला. "आपल्याकडे हळदीला माणूस ओळखू येत नाय, माईक काय वाचणार?"

"आजीचा आवाज नीट आलाच पाहिजे. परत कधी मिळणार तो?"

त्यांची आजी, शांताबाई, शीळफाट्याकडच्या गावांत लग्नाचे धवले, म्हणजे विधींची पारंपरिक गाणी, गाणारी धवलारीण. मांडवात डीजे शिरला आणि तिला येणारी बोलावणी आटली. नातवाच्या, प्रीतमच्या लग्नात गायचं आणि मग गळ्याला कायमची सुट्टी द्यायची, असं तिनं जाहीर करून टाकलं होतं. ते धवले आता दुसऱ्या कुणालाच येत नव्हते, म्हणून ऋतिका ते रेकॉर्ड करून ठेवणार होती.

हळदीच्या संध्याकाळी नाजूक माईक आजीच्या पदराला लागला. पहिल्याच धवल्याला ऋतिकाच्या अंगावर काटा आला. आजीचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. दुसरा धवला सुरू झाला आणि नयनकाकीनं रीतीप्रमाणे धवलारणीला दोन्ही हातांनी हळद फासली. गळा, पदर, माईक, सगळं पिवळं.

"काकी, माईक!"

"असू दे गं, त्याचं पण लग्न होईल!"

माईक मुका झाला. बंटीनं तत्परतेनं तो नळाखाली धरला आणि उरलीसुरली आशाही धुऊन काढली. "टेन्शन नको घेऊ, फोन पण असाच सुकतो," म्हणत त्यानं माईक तांदळाच्या डब्यात खुपसला आणि आपला मजबूत माईक आजीला लावला. त्या माईकनं इमानेइतबारे काम केलं. पलीकडच्या मांडवातला डीजे अख्खाच्या अख्खा रेकॉर्ड केला. आजी कुठेतरी हंड्याच्या तळाशी होती.

सकाळी ऋतिकानं डबा उघडला, तर रिकामा.

"काकी, तांदूळ कुठे गेले?"

"अक्षता केल्या की! वाटल्या पण."

मांडवभर मिटलेल्या मुठी होत्या आणि त्यांतल्या एकीत माईक. "जरा मूठ उघडता का?" असं विचारत ऋतिका रांगेरांगेतून फिरू लागली. पाहुण्यांना वाटलं, या घरात अक्षताही तपासून घेतात. कांताआत्या तर रुसून उठल्याच. त्यांची समजूत काढेपर्यंत भटजींनी शेवटचं 'सावधान' म्हटलं आणि सगळ्या मुठी एकदम सुटल्या. माईक आधी प्रीतमच्या कपाळावर आदळला आणि तिथून थेट भटजींच्या कलशात गेला.

पुन्हा पाणी! या खेपेला त्याला तांदळात ठेवायची कुणाची छाती झाली नाही. बंटीनं तो गच्चीवर उन्हात ठेवला.

पंगती उठल्यावर ऋतिका रिकाम्या मांडवात डोळे पुसत बसली होती. आजी शेजारी टेकली.

"सगळं गेलं, आजी. तुझा एकच धवला आहे माझ्याकडे."

"गेला कुठं? मी हाय ना बसलेली! काल त्या गोंगाटान मी अर्धं अर्धंच गायली. पुरं आईकनार कोन होता? आता तू आईक."

ऋतिकानं नाइलाजानं मजबूत माईक उचलला, तेवढ्यात बंटी गच्चीवरून ओरडत आला, "चालू झाला! तुझावाला चालू झाला!"

आजीनं तो पिवळाधमक माईक निरखून पाहिला. "हलद लागली, आंघोल जाली, अक्षता परल्या. आता यो घरचाच."

मग आजी गायली, ऊन उतरेपर्यंत, एकेक धवला पुरता. ऋतिकाला रडू येत होतं आणि हसूही.

रेकॉर्डिंग ऐकताना मात्र मधूनच खुळखुळ आवाज येत होता. "आत तांदळाचा दाणा अडकलाय," बंटी म्हणाला. "साफ करू का?"

"र्‍हाव दे," कानाला इयरफोन लावून बसलेली आजी म्हणाली. "लग्नाच्या घरान बांगऱ्या वाजनारच." आयुष्यात पहिल्यांदाच ती स्वतःला ऐकत होती. बराच वेळ ऐकून तिनं मान डोलावली. "आवाज बरा हाय गो माजा. टिकंल अजून. या बंटीचं लगीन कवा करताव?"

बंटी लगेच खुर्च्या उचलायला पळाला. ऋतिकानं माईक पुसला आणि तांदळाच्या डब्यापासून लांब, वरच्या फळीवर ठेवला.