बगळीचा धूर

"माह्या हातचा पंप कधी बंद पडला काय? मंग हे एवढीशी गाडी काय चीज आहे!"

राजुऱ्याच्या लटारूभाऊंनी असं छाती ठोकून सांगितलं आणि घरच्यांनी कपाळाला हात लावला. भाऊंनी उभा जन्म कोळशाच्या खाणीत पाण्याचे पंप चालवले होते. त्यामुळे जगातलं कुठलंही यंत्र म्हणजे आपला लहान भाऊ, असा त्यांचा पक्का समज!

भाऊंची जुनी पांढरी गाडी, लाडाचं नाव बगळी, हल्ली वेड्यासारखं करत होती. उभी केली की इंजिन आपोआप रेस व्हायचं, मग उचकी लागल्यासारखं थरथरायचं आणि धाडकन बंद! मुलगा प्रणित गडचिरोलीला नोकरीला. त्यानं नवी कोरी गाडी आणून दारात लावली आणि फर्मान काढलं, "बाबा, रविवारी भंगारवाला येऊन राह्यला. तवरीक बगळी धड चालली तर ठेवा, नाई तर जाऊ द्या."

जाऊ द्या म्हणे! याच बगळीतून लेक पुनमची बिदाई झाली. याच बगळीतून सगळे सिरोंच्याला गोदावरी पाहायला गेले, काचा खाली करून, मोहफुलांचा वास घेत. लहानगा प्रणित मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचा आणि घर आलं तरी उठायचा नाही. भाऊंचा जीव त्या गाडीत अडकला होता, अगदी खरं सांगायचं तर.

"इंजिन कुठून तरी चोरून हवा ओढून राह्यलं," भाऊंनी निदान केलं. शनिवारी सकाळी त्यांनी सायकलच्या पंक्चरसारखं सगळ्या नळ्यांना साबणाचं पाणी फासलं आणि बुडबुड्यांची वाट पाहत बसले. बुडबुडा कसला येतो! गळती हवा बाहेर सोडत नव्हती, आत ओढत होती. बगळी सगळा फेस पिऊन गेली आणि जास्तच खोकायला लागली.

तेवढ्यात एटापल्लीकडचे जुने दोस्त सुकलू मध घेऊन आले.

"इंजिन बंद कर अन् आत धूर सोड ना गा," सुकलू म्हणाले. "भोक असन तिथून निंगनच."

भाऊंचे डोळे चमकले. बिडी! बायकोच्या, रुखमाबाईंच्या गळ्याची शपथ घेऊन बिडी सोडलेली. पण हे तर गाडीचं औषध होतं! गोठ्याआड जाऊन त्यांनी सुकलूंची बिडी पेटवली आणि इंजिनाची हवेची नळी तोंडात धरून आत धूर फुंकला. पाच बिड्या संपल्या, भाऊंना घेरी आली, पण धूर काही दिसेना.

"असं नाई होत गा," म्हणत सुकलूंनी मधमाश्या हाकलायची रीत काढली. मडक्यात निखारे, वर ओला पाला, पुढे लोहाराचा भाता! नळीचं तोंड चिंधीनं घट्ट बांधलं आणि मारला भाता. बाप्पा! सायलेन्सरमधून धूर, बॉनेटमधून धूर, बगळी दिसेनाशी झाली!

"आग लागली वो माय!" शेजारच्या रंजीताबाई किंचाळल्या. बादल्या घेऊन आख्खी गल्ली धावली. पाणी बगळीवर, पाणी सुकलूंवर, आणि रुखमाबाईंची शेणकाल्याची बादली थेट भाऊंवर!

"अजी, हा बिडीचा वास काऊन येऊन राह्यला?"

"थांब व! ते पाह्य!" भाऊ ओरडले. ओघळत्या शेणातून त्यांना इंजिनामागे धुराची बारीकशी धार दिसली होती. बोटभर जाडीची रबरी नळी खालून चिरली होती! चिरलेलं टोक कापलं, नळी पुन्हा घट्ट बसवली, क्लिप आवळली. दिवसभर उन्हात गाडी वाळवली, संध्याकाळी चावी फिरवली. बगळी अशी शांत चालू झाली, की भाऊंना रडूच फुटलं.

रविवारी भंगारवाला टेम्पो घेऊन हजर. प्रणित म्हणाला, "एक चक्कर मारून पाह्यतो," आणि गेला तो गेलाच. भाऊ फाटकाला धरून उभे. चहा झाला, दुसरा चहा झाला. शेवटी बगळी वळणावर दिसली. प्रणित उतरला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"भंगारवाल्याले वापस धाडा," तो म्हणाला. "बगळी कुठी जाणार नाई."

भाऊंनी पोराला मिठीच मारली!

"कसली चालते बाबा! लहानपण आठवलं. आता हिले मीच नेतो गडचिरोलीले. नवी तुमाले ठेवा."

भाऊंनी डोळे पुसायच्या आत बगळी नाक्यापार झाली.

भाऊ फाटकातून परत फिरले. मग त्यांनी नव्या गाडीचं बॉनेट उघडलं. आत काळं गुळगुळीत झाकण. ना नळी दिसे, ना क्लिप. त्यांनी गाडी चालू केली. आवाजसुद्धा नाही!

"काय झालं जी नव्या गाडीले?" रुखमाबाईंनी दारातून विचारलं.

"काईच नाई ना!" भाऊ रडवेले होऊन म्हणाले. "तेच तर झालं!"