दोन खुंट्यांचं वर्तुळ

मनुष्याला मरण अटळ आहे, आणि मेल्यावर मधोमध पुरलं जाण्याची हौस त्याहून अटळ आहे. चर्चच्या वास्तुशास्त्राचा पाया हाच. (उरलेला पाया चुन्याचा.)

रोमचे वास्तुकार प्रोस्पेरो मान्चिनेल्ली यांची हयात कार्डिनलांचे तबेले बांधण्यात गेली. तबेले उत्कृष्ट होते. एकाही घोड्याची तक्रार नव्हती. पण मरण्याआधी एक तरी घुमट बांधायचा, या ध्यासाने त्यांना घास गोड लागेना. शेवटी देव पावला. दोन्ना एर्सिलिया आणि त्यांची नणंद दोन्ना पोर्त्सिया या दोन धनाढ्य विधवांनी निम्मा-निम्मा खर्च उचलून गोल चर्च बांधायचं ठरवलं. घुमटाच्या बरोबर खाली दानशूर बाईची कबर येणार होती. बाई कोणती, एवढाच किरकोळ तपशील राहिला होता.

आखणीच्या दिवशी मधली खुंटी दात्याने स्वहस्ते ठोकायची, असा रिवाज. एर्सिलियाबाईंनी ती ठोकली. मग पोर्त्सियाबाई पालखीतून उतरल्या आणि थोडं पलीकडे जाऊन त्यांनी आपली ठोकली.

"वहिनी, तुमची जरा बाजूला पडलीय हं."

"बाजूला तुम्ही आहात, वन्सं. मी या घरात पाऊल टाकलं त्या दिवसापासून!"

"माझी खुंटी हलली तर काम बंद," दोघी एकदमच म्हणाल्या. (दोघींचं एकमत झाल्याची ही एकमेव नोंद.)

प्रोस्पेरोंच्या डोळ्यांपुढे घोडे नाचू लागले. त्यांची बायको दियानोरा जेवणाची टोपली घेऊन आली होती. ती कानाशी लागली, "अहो, आयुष्यभर मला आणि तुमच्या आईला एकदमच 'हो' म्हणत आलात ना? तसंच करा की!"

प्रोस्पेरोंनी दोरीचा सैल फास दोन्ही खुंट्यांभोवती टाकला, तो ताणून धरला आणि चुन्याची रेघ ओढत, डोळे मिटून, प्रदक्षिणा घातली. डोळे उघडले तर वर्तुळ आडवं पसरलेलं.

"याला केंद्रं दोन असतात," ते म्हणाले. (हे खरंच निघालं, याचा सर्वांत मोठा धक्का त्यांनाच बसला.)

"म्हणजे मी मधोमध?" एर्सिलियाबाईंनी विचारलं.

"अगदी."

"आणि मी?" पोर्त्सियाबाई.

"तुम्हीसुद्धा, तितक्याच."

दोघी प्रसन्न झाल्या, कारण प्रत्येकीच्या मते दुसरीला फसवलं गेलं होतं. फादर अन्सेल्मोंनी आकार पाहून जाहीर केलं की हे अंडं आहे, अंडं म्हणजे ईस्टर, म्हणजे साक्षात पुनरुत्थान. (फादरांची न्याहारी व्हायची होती.) घुमट उभा राहिला आणि त्याच्याखाली प्रोस्पेरो लहान मुलासारखे रडले.

मग मात्र साथच पसरली. ज्या गावात दोन दाते भांडत होते तिथे अंडाकृती चर्च झालं. तीन भांडले तिथे तीन पाकळ्यांचं. एका गावात सगळे गुण्यागोविंदाने नांदत. त्यांचं चर्च चौकोनीच राहिलं आणि त्यांच्या मुलींना स्थळं येईनात. अखेर तिथल्या पंचांनी शेजारच्या गावातून दोन जावा मानधनावर आणवल्या.

दोन्ही बाया आता आपापल्या खुंटीखाली निजल्या आहेत. दोन कबरींच्या मधली जागा तेवढी मोकळी आहे. आत येणारा प्रत्येक जण नेमका तिथेच जाऊन उभा राहतो, वर बघतो, हा घुमट आपल्यासाठीच बांधलाय अशी त्याची खात्री पटते, आणि मग तो त्या दोघींच्या हट्टाला मनसोक्त हसतो.

तुम्हीही हसताय. छान. आता जरा बाजूला सरका, मागे रांग लागली आहे.