आंग्लराणीच्या गळपट्टीची मोहीम

श्रीगजवदन साह्य असो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, ज्येष्ठ वद्य चतुर्थी, भौमवार, अंगारकीचा योग. ते दिवशी चित्रनगरीचे राज्यात आंग्लभूमीचे कोणी एके राणीस राज्याभिषेक व्हावयाचा होता, आणि तो दूरचित्रवाणीवर अवघ्या महाराष्ट्राने पाहावा ऐसा संकल्प जाहला होता. राणीचा पोशाख शेवंताबाई माळवदे यांणी सिद्ध केला. बाई जातीची कसबी, बोलण्यात तिखट. चौतीस वर्षे दुसऱ्यांचे नावे कपडे शिवोन दिल्हे, परंतु पडद्यावर नाव एकदाही उमटले नाही. याचे शल्य बाईंचे उरी फार. या खेपेस दिग्दर्शक घाटपांडे यांणी नाव द्यावयाचे कबूल केले. मग बाईंणी चाळीस हात कापडाच्या चुण्या घालोन ताटाएवढी गोल गळपट्टी केली. आदले दिवशी गळपट्टीस खळ दिल्ही, तो दमट हवेने रातोरात ओल्या पापडासारखी लोळली. तेव्हा घाटपांडे येऊन बोलिले, "शेवंताबाई, दरबाराचा महाल फक्त आजच्यापुरता मिळालाय. दुपारपर्यंत ही कॉलर उभी राहिली नाही, तर मला मुंबईचे तयार कपडे मागवून संध्याकाळी काम उरकावं लागेल. मग नावही त्यांचंच जाईल. माझा इलाज नाही हो."

बाई म्हणाल्या, "हुबी करून दावतो. तुम्ही निस्ता दरबार भरवा."

आणि ताज्या खळीसाठी पहाटेच भिजत घातलेला साबुदाणा आणावयास मुदपाकखान्यात गेल्या, तो पातेले रिकामे, घासोन पालथे घातलेले. बाळकू आचारी यास पुसिले. तो भोळेपणे बोलिला, "वैनी, भिजल्याला घावला, म्हटलं अंगारकीचा उपासाचाच असणार. आमच्यात मिसळून खिचडी केली की! राणीसाहेबांनी दोनदा घेतली."

"अरं मुडद्या, राणीची मान शिजवून राणीलाच वाढलीस की रं!" ऐसे म्हणोन बाईंणी कपाळावर हात मारिला. मग गावात माणसे धाडिली, परंतु उपासाचा दिवस, दुकानोदुकानी साबुदाणा सकाळीच खपलेला. तांदळाच्या पेजेची खळ तर आदले रात्रीच लोळली होती. तिकडे दोनशे सरदार दाढ्या चिकटवोन महालात उभे, आणि मुंबईस फोन लागला ऐसे वर्तमान आले. चौतीस वर्षे एका खिचडीत गेली म्हणोन बाई मुदपाकखान्यातच मटकन बसल्या आणि डोळ्यांस पदर लाविला. समोर बाळकू तोंड चुकवीत बटाट्याचा कीस पाण्यातून पिळोन काढीत होता, आणि परातीतले गढूळ पाणी ओतावयास उठला. तो बाई वाघिणीसारख्या उठल्या. "थांब! थेंब सांडलास तर बघ!"

मग पाणी निवळू दिल्हे, वरचे हळूच ओतिले, आणि तळाशी बटाट्याचे पांढरेशुभ्र सत्त्व राहिले ते चुलीवर घोटोन खळ केली. बाळकूने पापक्षालनार्थ आणिक दहा शेर बटाटे किसले, बोटे सोलली तरी किसणी सोडिली नाही. बाईंणी गळपट्टी खळीत बुडविली, सळई तापवोन एकेक चुणी उभी केली, आणि दोन प्रहरांस घटका असता ती राणीचे गळ्यात चढविली. राणीचे सोंग घेणारी वैदर्भी ठोसर दरबारी चालो लागली, तो गळपट्टी तसूभर हलेना. मुकुट चढला, सरदार गुडघ्यावर आले, आणि घाटपांडे "कट" म्हणावयाचे विसरोन टाळ्या पिटो लागले. मुंबईचे कपडे रद्द करावे ऐसा हुकूम तत्काळ सुटला.

पुढे श्रावणात मालिकेचा पहिला भाग लागला. बाईंचे दारी गल्ली लोटली. राणीचे मागोमाग पडद्यावर अक्षरे आली: वेशभूषा, शेवंता माळवदे. आली आणि दोन निमिषांत गेली. बाई उठोन वळल्या आणि बोलिल्या, "सगळ्यास्नी दिसलं न्हवं?"

"दिसलं!" ऐसा गल्लीने एकच गजर केला. तेव्हा कोठे बाई ढसढसा रडल्या.

येणेप्रमाणे गळपट्टीची मोहीम फत्ते जाहली. राणीचे राज्य तीन महिन्यांत संपले, त्या जागी सासू-सुनांचे लागले. परंतु त्या गल्लीत आंग्लराणी कोण, ऐसे कोणी पुसिले तर लोक आजही शेवंताबाईंचे घर दाखवितात.