राहत्या घरी चार कॉईल

दिनांक ७ फेब्रुवारी २००४, शनिवार रोजी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आमच्या नवउत्कर्ष सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आवारात, बी विंगमधील सभासद श्री. श्रीरंग चुरी हे स्वतःच्या मोटारीचे बॉनेट उघडून उभे असल्याचे निदर्शनास आले. निदर्शनास मला आले. मी हिरामण निकुंभ, संस्थेचा मानद सचिव. मंत्रालयात एकतीस वर्षं काढली, कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो आणि वसईत पापडीच्या बाजूला हा फ्लॅट घेतला. बाल्कनी मुद्दाम आवाराकडची घेतली.

मी खाली उतरलो. श्रीरंगच्या हातात पाना होता.

"काका, काही विशेष नाही," तो म्हणाला. "कॉईल गेलीय. गाडी मिसिंग मारतेय."

"म्हणजे?"

"इंजिनातल्या प्लगला ठिणगी देते ना, ती कॉईल. चार प्लग, चार कॉईल. एक गेली की गाडी थरथरते, ओढत नाही. वॉल्टर मिस्त्री म्हणाला, एक गेली म्हणजे बाकीच्याही जाणार, चारही बदलून टाक. नव्या त्यानेच आणून दिल्या. दहा नंबरचा पाना आणि वीस मिनिटं, बस्स."

मी भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर पाटी होती: "आवारात वाहनदुरुस्ती करण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून." आदेश माझाच होता.

आता कोणी म्हणेल, आवारात त्या वेळी आणखी काय चाललं होतं? पाण्याचा टँकर आला होता आणि त्याच्या फाटक्या पाइपातून अर्धं पाणी गटारात जात होतं. ए विंगमधल्या हळदीच्या मांडवासाठी फरशी फोडून खांब रोवले जात होते. खजिनदार आशालताताईंच्या कुरडया तर खुद्द श्रीरंगच्या गाडीच्या टपावर वाळत होत्या. सगळं खरं आहे. पण कुरडयांविरुद्ध पाटी नव्हती.

"काका, आईचं ऑपरेशन आहे हो चोवीस तारखेला," श्रीरंग म्हणाला. "मुंबईला, सकाळी आठ वाजता. गुडघा."

हे मला ठाऊक होतं. त्याची आई मथुराबाई, भुईगावच्या वाडीतल्या. आम्ही सगळे त्यांना आजीच म्हणतो. उजवा गुडघा पार गेलेला, वाकतच नव्हता. आठ महिने बाई तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरल्या नव्हत्या. दवाखान्याच्या धर्मादाय योजनेत नाव लागावं म्हणून श्रीरंगने वर्षभर खेटे घातले, तेव्हा कुठे ही तारीख मिळाली होती. आणि ही गाडीच का, तर हिची पुढची सीट पार मागे सरकवून त्याने अशी बसवून घेतली होती, की आजींना पाय सरळ ठेवून बसता येईल. भाड्याच्या जीपमध्ये एकदा चढवायला गेले होते, तर आजींच्या किंकाळीने सी विंगसुद्धा बाहेर आली होती.

माणुसकी मलाही कळते. मी म्हणालो, "अर्ज दे. कारणासह, दवाखान्याच्या नाव-पत्त्यासह. आपण लगेच घेऊ." आणि लगेच घेतलाही. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, कार्यकारिणीची तातडीची सभा बोलावली.

सभेत पहिला प्रश्न निघाला तो व्याख्येचा. कॉईल बदलणं ही दुरुस्ती आहे का? अध्यक्ष फर्डिनंड लोपीस पापडीचे, माणूस सरळ. ते म्हणाले, "अहो निकुंभ, घरातला बल्ब गेला तर आपण नवीन लावतो. त्याला काय दुरुस्ती म्हणतो? पोराला करू द्या ना!"

हा मुद्दा बिनतोड होता. म्हणूनच मी तो इतिवृत्तात घेतला आणि तिथेच गाडं अडलं. कारण संस्थेच्या नियमात बल्बला परवानगी आहे ती "मालकाने राहत्या घरी, स्वतः" बदलण्याची. कॉईल जर बल्बसारखी, तर तीही राहत्या घरीच बदलली पाहिजे. चुरींचं राहतं घर तिसऱ्या मजल्यावर.

"म्हणजे मी गाडी वर नेऊ?" श्रीरंगने विचारलं.

"जिना तीन फूट सहा इंच आहे," आशालताताई म्हणाल्या. त्यांनी कपाट चढवलं होतं, त्यांना अनुभव होता. "गाडी कडेला घासेल. आणि जिन्याला आत्ताच रंग दिलाय."

"नुसतं इंजिन वर नेलं तर?" मी सहानुभूतीने सुचवलं.

श्रीरंगने दोन्ही हातांनी डोकं धरलं. शेवटी अध्यक्षांनीच मार्ग काढला. गाडी घरी जात नसेल, तर घर गाडीपाशी यावं. पार्किंगची जागा दुरुस्तीपुरती चुरींच्या राहत्या घराचा भाग समजण्यात यावी. ठराव एकमताने मंजूर. अशी लवचीकता तुम्हाला शेजारच्या सोसायटीत दिसणार नाही, मी लिहून देतो!

पुढच्या रविवारी, म्हणजे पंधरा तारखेला, सकाळी अकराची वेळ ठरली. श्रीरंगने गाडीभोवती खडूने चौकोन आखला. पुढच्या बाजूला दरवाजापुरती जागा सोडून तिथे पाट ठेवला, तो उंबरठा. वरची "चुरी" ही पाटी काढून आणून गाडीच्या आरशाला टांगली. बेल म्हणून सायकलची घंटी. सभासद एकेक करून येत, चपला चौकोनाबाहेर काढत, घंटी वाजवत आणि पाट ओलांडून आत जात. आत आल्यावर आशालताताईंनी "पाणी तरी द्या" म्हटलं, तेव्हा श्रीरंगच्या बायकोला, उन्नतीला, वरून तांब्या-भांडं आणावं लागलं. राहतं घर म्हटल्यावर एवढं तर करायलाच हवं.

श्रीरंगने बाह्या सरसावल्या. मी म्हटलं, "थांब. गाडीचं पुस्तक दाखव."

"आता पुस्तक कशाला?"

"ठरावात 'मालकाने स्वतः' असे शब्द आहेत. मालकाची खात्री नको?"

त्याने पुस्तक आणलं. मी उघडलं. मालकाचं नाव: मथुरा धर्माजी चुरी.

तुम्ही पाहिलं असेल, आमच्याकडे पहिली गाडी आईच्या नावावर घ्यायची पद्धत आहे. श्रीरंगनेही हौसेने तसंच केलं होतं. त्याचा परिणाम असा, की कायद्याच्या दृष्टीने श्रीरंग हा त्या घरातला, म्हणजे खडूच्या चौकोनातला, त्रयस्थ इसम ठरत होता. त्याला मी सौम्य शब्दांत उंबरठ्याबाहेर जायला सांगितलं.

"काका, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" तो ओरडला. "ती उभी राहू शकत नाही! म्हणून तर तिला न्यायचंय!"

"आवाज खाली. सभा चालू आहे."

फर्डिनंड कसनुसे झाले. पण ठराव त्यांचाच, मागे कसा घेणार? त्यासाठी सर्वसाधारण सभा लागते आणि तिची नोटीस चौदा दिवसांची. चौदा दिवसांनी फेब्रुवारीची एकोणतीस तारीख येत होती आणि ऑपरेशन चोवीसला. श्रीरंगने बोटांवर मोजून पाहिलं.

गलका ऐकून आजींनी वरूनच विचारलं, काय झालं. उन्नतीने सांगितलं. वरून आजींचा आवाज आला, "खुर्ची घेऊन या कोणीतरी. मी येते."

चार सभासदांनी आजींना प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून तीन मजले खाली आणलं. खुर्ची उंबरठ्यावरून नेताना चपला काढायला कोणी विसरलं नाही. आठ महिन्यांनी आजींच्या अंगावर ऊन पडलं. त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठं हाय ती मेली?"

खुर्चीत बसून इंजिनापर्यंत हात पुरेना. तेव्हा आजींनी बॉनेटची कड धरली आणि उठून उभ्या राहिल्या. आवारात टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

आणि मग आम्ही जे पाहिलं, ते पाहून मी तर थक्कच झालो! श्रीरंग चौकोनाबाहेरून सांगायला लागला, "आई, आधी बॅटरीची वायर..." मी त्याला थांबवलं, कारण तोंडी सूचना म्हणजेसुद्धा सहभाग. पण सूचनेची गरजच नव्हती. नवरा गेल्यावर वीस वर्षं या बाईने भुईगावच्या वाडीत विहिरीवरचं ऑइल इंजिन एकटीने चालवलं होतं. केळी, पानवेली, सगळं त्या पाण्यावर. इंजिन बंद पडलं तर मिस्त्री दोन दिवसांनी यायचा, आणि वेली तेवढं थांबत नाहीत.

आजींनी बॅटरीची वायर सोडवली. पहिल्या कॉईलची क्लिप अंगठ्याने दाबून काढली. दहा नंबरच्या पान्याने बोल्ट सैल केला, कॉईल जराशी फिरवून सरळ वर उपटली, नाकाशी नेऊन वास घेतला आणि म्हणाल्या, "ही जळलीच हाय." नवी बसवली. टक्क! दुसरी. टक्क! तिसरीचा बोल्ट गंजलेला, सुटेना. आजींनी पान्यावर दोन्ही हातांनी जोर दिला. "बघा, बघा!" आशालताताई ओरडल्या. "या वयात ताकद बघा!" आजींच्या कपाळावर घामाचे थेंब आले, ओठ घट्ट मिटलेले, पण बोल्ट सुटला. आम्ही "मथुराआजींचा विजय असो" अशी घोषणा दिली. चौथी कॉईल बसली. बॅटरी जोडली. चावी फिरवायला मात्र श्रीरंगला आत घेतलं, पाहुणा म्हणून, घंटी वाजवून.

गाडी चालू झाली. अहो, काय आवाज! इंजिनावर रुपया उभा केला असता तर पडला नसता. सभासदांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. तेवीस मिनिटं लागली होती.

'वसई वृत्तदीप' या आमच्या साप्ताहिकाचे जितेश पंडित यांना मीच बोलावून ठेवलं होतं. त्यांनी आजींना म्हटलं, "आजी, बॉनेट सोडा एक सेकंद. पाना वर करा. हसा." आजींनी बॉनेट सोडलं, पाना वर केला. फोटो फार सुंदर आला. गुरुवारी पहिल्या पानावर छापून आला आणि वर मथळा: "पंच्याहत्तरीतही ठणठणीत! मथुराआजींनी उभ्या उभ्या दुरुस्त केली मोटार." सोबत मानद सचिवांची, म्हणजे माझी, प्रतिक्रियाही होती.

संस्थेच्या इतिहासात असं काही प्रथमच छापून येत होतं. त्याच दिवशी मी अभिनंदनाचा ठराव टाइप केला: "श्रीमती मथुराबाई चुरी या शारीरिकदृष्ट्या पूर्णतः सक्षम असून त्यांचा संस्थेस अभिमान वाटतो." खाली सही, गोल शिक्का. मग प्रती. मंत्रालयात मी एक गोष्ट शिकलो: कागद कधी एकटा जात नाही. अर्जात ज्या ज्या कार्यालयाचा उल्लेख असेल, त्या प्रत्येकाला प्रत माहितीसाठी गेली पाहिजे. मी श्रीरंगचा अर्ज काढला, त्यातले पत्ते उतरवले आणि कात्रणासह प्रती सगळीकडे रजिस्टर पोस्टाने पाठवल्या. नगरपरिषद. उपनिबंधक. दवाखाना, धर्मादाय विभाग.

चोवीस तारखेला पहाटेच श्रीरंग आजींना घेऊन निघाला. गाडी अप्रतिम चालली, हे तो स्वतःच म्हणाला. हायवेवर एकदासुद्धा थरथरली नाही. साडेसातला ते दवाखान्यात होते. खिडकीतल्या बाईंनी फाइल काढली. सगळ्यात वर माझा ठराव होता आणि त्याला टाचलेला फोटो.

"या तुम्हीच ना?" बाईंनी आजींना विचारलं.

"मीच," आजी म्हणाल्या. फोटो बघून त्या जरा खूशही झाल्या होत्या.

योजना फक्त आधाराशिवाय उभं राहता न येणाऱ्यांसाठी होती. अर्ज निकाली निघाला आणि तारीख पुढच्या माणसाला गेली. श्रीरंगने डॉक्टरांचे पाय धरले. डॉक्टर म्हणाले, गुडघा मला दिसतोय हो, पण कागद मी कसा खोडू? नवा अर्ज करायचा तर रांग पुन्हा पहिल्यापासून.

त्या रविवारी मी तिसऱ्या मजल्यावर शाल-श्रीफळ घेऊन गेलो. सत्काराचा ठराव झाला होता, अंमलबजावणी माझ्याकडे होती. आजी पलंगावर होत्या. गुडघा पपईएवढा सुजलेला. श्रीरंगने दार उघडलं आणि माझ्याकडे बघत नुसता उभा राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. आजींनीच मला आत बोलावलं. शाल घेतली, नारळ घेतला. मग त्यांच्या वाडीच्या बोलीत हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या. मला अर्धंच कळलं. त्या दिवशी किती दुखत होतं, त्याबद्दल होतं.

"मग सांगायचं नाही का?" मी म्हटलं.

"तुम्ही सगळे येवढे टाळ्या वाजवत होता," आजी म्हणाल्या.

जिना उतरताना मला भडभडून आलं, खोटं सांगत नाही. तेव्हापासून आवारात लोक मला बघून कुजबुजतात. तुम्हीही आता माझ्याकडे त्याच नजरेने बघत असाल. बघा. पण एक सांगा. आजींनी तिसरा बोल्ट सोडवला, चौथी कॉईल टक्कन बसवली, गाडी चालू झाली, तेव्हा वाचता वाचता तुम्हीही खूश झालात ना? मला गुडघ्याची आठवण राहिली नाही, मान्य. तुम्हाला होती?